गार इंजिनाचा आवाज

बहिणीची गाडी दोर लावून गॅरेजात ओढून आणली, तेव्हाच मेकॅनिकला नको ते कळलं होतं. किल्ली फिरवली की इंजिन भलतंच हलकं फिरत होतं, आत दाबच उरला नसल्यासारखं. तरी माणूस आशेला चिकटतोच. पिस्टन आणि व्हॉल्व्हचा ताल सांभाळणारी टायमिंग चेन घसरली असेल, नवी बसवली की भागेल, असं त्याने तिला सांगितलं आणि स्वतःलाही पटवलं. गावाबाहेरच्या घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांच्या जखमा बांधायची तिची नोकरी या वीस वर्षांच्या गाडीवर उभी होती. गाडी नाही तर काम नाही, असं तिच्या साहेबांनी स्पष्ट बजावलं होतं.

खुणा जुळवून त्याने नवी चेन बसवली आणि प्लगच्या भोकात आतला दाब मोजायचा कॉम्प्रेशन गेज लावला. पहिल्या सिलिंडरला काटा जेमतेम हलला, दुसऱ्याला तेवढाही नाही. वरून थोडं ऑइल सोडून पाहिलं. नुसत्या पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या तर काटा चढला असता. काटा ढिम्म. शेवटी इंजिनाचा वरचा भाग, हेड, उघडलं. चेन सुटल्यावर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळले होते, व्हॉल्व्ह वाकले होते आणि हेडलाही तडा गेला होता. तसलं हेड आता भंगारातसुद्धा मिळत नव्हतं.

वर्षभरात बहीण तीनदा येऊन सांगून गेली होती, की सकाळी चालू करताना गाडी दोन क्षण खडखडते, डब्यात खिळे हलवल्यासारखी. दर वेळी त्याने लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवून कान लावला. या कानाची सगळ्या ड्रायव्हर मंडळींत केवढी ख्याती! काही ऐकू आलं नाही, तेव्हा तुझेच कान वाजतात म्हणून त्याने तिची चेष्टा केली. ऐकू येणार कुठून? तिच्या घरून इथवर येईतो इंजिन तापायचं, ऑइलचा दाब चढायचा आणि त्या दाबाने ताणली जाऊन सैल चेन गप्प बसायची. एक रात्र गाडी ठेवून जा, एवढंही या शहाण्याला सुचलं नाही. आणि तिच्या घराची पायरी तो सहा वर्षांत चढला नव्हता, मेहुण्याशी शब्दाला शब्द वाढला तेव्हापासून.

बहीण स्टुलावर बसून होती. नाही होणार, असं त्याने सांगितलं तेव्हा ती रडली नाही. फक्त विचारलं,

"आधी कळलं असतं तर?"

खोटं बोलायची सोय होती. पण त्याला ते जमलं नाही.

"चेन बदलून भागलं असतं. गार इंजिन ऐकायला हवं होतं. सकाळी, तुझ्या दारात."

"हे म्हणाले होते, दादाला सकाळी बोलाव. मी आतच बसेन, बाहेर येणार नाही."

"मग बोलावलं का नाहीस?"

"तू आला नसतास."

आलो असतो, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं. पण तिची मुलगी पंधरा दिवस हॉस्पिटलात होती तेव्हाही तो गेला नव्हता, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. तिने डिकीतून औषधांची पेटी काढली आणि ती चालत निघाली.