भाईदासनं गिळलेला किस्सा

खिचडीचा घास थेट भाईदासच्या चष्म्यावर येऊन बसला आणि अख्खी गल्ली हसली.

"नेम बघा पोरीचा," भाईदास काच पुसत म्हणाला. "अक्का, हिला बापासोबत वरणगावच्या फॅक्टरीत पाठवा. दारूगोळ्याचं काम चोख करेल."

सव्वा वर्षाची ऋतिका आजीच्या, म्हणजे भागाबाईच्या, मांडीवर बसून तिच्यापुढे हात पसरत होती. हात कशासाठी पसरलाय, ते पिंप्राळ्यातल्या त्या गल्लीत कुत्र्यालाही माहीत होतं. केळं. नाहीतर शिरा. नाहीतर गूळ-तूप-पोळी. गोड दिसलं की पोरीचं तोंड चिमणीच्या पिल्लासारखं उघडायचं. वरणभात, खिचडी, भाकरीचा काला पुढे आला की दुकानाचं शटर पडावं तसं खाडकन बंद.

"खास ना ती, भाऊ," भागाबाई म्हणाली. तिच्या अहिराणीत 'खास' म्हणजे खाते. "पण गोडच खास. काय करू मी?"

"करायचं काय, माझ्या हाती द्या. आखाजीच्या सणाआधी ही माझ्या हातून तिखट-मिठाचं जेवेल. नाही जेवली, तर तुम्हाला रिक्षात बसवून चौकापर्यंत रिक्षा ढकलत नेईन. इंजिन बंद."

"आणि जेवली तर?" शेजारच्या कुंदाबाईनं विचारलं.

"तर अक्कानं चौकात उभं राहून सांगायचं, भाईदास शहाणा माणूस आहे."

भागाबाईनं जरा विचार केला. "इतलं खोटं मनाघाई बोलाई जावाव नही," ती म्हणाली. एवढं खोटं तिच्या तोंडून निघणार नव्हतं. पण पैज लागली.

भाईदासची पैज म्हणजे गल्लीला फुकटची करमणूक. पन्नाशी उलटलेला हा रिक्षावाला, पण अंगातला पोरकटपणा काही जात नव्हता. एका हिवाळ्यात त्यानं अशी आवई उठवली, की महापालिका थंडीमुळे गरम पाण्याचा टँकर पाठवतेय. पहाटे सगळी गल्ली बादल्या घेऊन रस्त्यावर, आणि हा ओट्यावर बसून चहा पितोय. तो किस्सा त्यानं इतक्यांदा सांगितला, की बादल्या घेऊन उभे राहिलेले लोकही आता मध्येच तपशील पुरवायचे. किस्सा पोटात ठेवणं भाईदासला जमत नसे. गॅस व्हायचे म्हणे.

बायको सुरतेला मुलाकडे गेलेली. नातू झाला म्हणून दोन महिन्यांसाठी गेली होती, आता नातू व्हिडिओ कॉलवर आजोबाला 'दादा' म्हणायला लागला तरी ती तिकडेच. ती गेल्यापासून संध्याकाळची भाजी भागाबाईकडून यायची. यायची म्हणजे हाच वाटी घेऊन दारात उभा राहायचा.

त्या संध्याकाळी तो वाटी घेऊन गेला तेव्हा आतून तिच्या सुनेचा, ऋतिकाच्या आईचा, आवाज आला. दिपमाला डाळमिलच्या ऑफिसातून नुकतीच आली होती.

"आई, मी भांडत नाहीये. पण वजन वाढत नाही पोरीचं. दिवसभर नुसतं गोड. आखाजीला माहेरी शिंदखेड्याला जाईन ना, तेव्हा तिला माझ्या आईकडेच ठेवून येते. वर्षभर तरी."

भागाबाई उठली. बाहेर येऊन तिनं भाईदासच्या वाटीत वांग्याची भाजी घातली. वाटी भरली तरी घालतच होती.

घरातून कुणी गेलं की घराचं काय होतं, हे भाईदासला कुणी सांगायला नको होतं. दोन वर्षं तो टीव्ही लावून झोपत होता. बघायला नाही. घरात कुणीतरी बोलतंय एवढंच.

मग तो पैजेला भिडला. खिचडीवर केळ्याचा थर देऊन पाहिला. ऋतिकानं केळं चाटलं आणि खिचडी जशीच्या तशी परत केली. घास रिक्षा करून आणला, हॉर्न वाजवला. तिनं रिक्षा उडवली. मग समोर बसून स्वतःच ठेचा-भाकरी खाल्ली, 'अहाहा' करत. डोळ्यांतून पाणी आलं, नाक वाहू लागलं. पोरगी टाळ्या पिटत हसली, पण तोंड मिटून.

"हसताना पण तोंड उघडत नाही," तो कुंदाबाईला म्हणाला. "ही पुढे वकील होणार."

आखाजी, खानदेशातली अक्षय्य तृतीया, दोन दिवसांवर आली. त्या सकाळी गल्लीत बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायचे होते. ज्वारीचा मीठ-लसूण-तीळ घातलेला घाटा मोठ्या पातेल्यात शिजला, बायकांनी बाजांवर जुनी लुगडी अंथरली आणि हाताला पाणी लावून थापायला बसल्या. कावळे हाकलायला भाईदास. त्याची कावळ्यांना नावं ठेवून झाली, कुंदाबाईच्या बिबड्याला महाराष्ट्राचा नकाशा म्हणून झालं, एवढ्यात त्याला दिसलं.

बाजेचा कठडा धरून ऋतिका उभी होती. तिनं बोटांनी ओला बिबडा खरवडला, तोंडात घातला. थुंकला नाही. पुन्हा खरवडला.

भाईदासनं पातेल्यातला कोमट घाटा बोटावर घेतला आणि पुढे केला. पोरीनं बोट चोखलं. तोंड उघडून थांबली. त्यानं पुन्हा दिलं. पुन्हा तोंड उघडं.

बायका थापण्यात गुंग होत्या, कुणी पाहिलं नाही. भाईदासनं पोरीला उचललं आणि जिंकल्याचं सांगायला भागाबाईच्या घरात शिरला.

भागाबाई खाली बसून ऋतिकाची झबली पिशवीत भरत होती. एक घडी करायची, मोडायची, पुन्हा करायची. बाजूला पोरीची खिचडीची वाटी तशीच पडलेली.

"अक्का, बघा आता," म्हणत त्यानं चमचा भरला आणि पोरीला दाखवायला स्वतः मोठा 'आ' केला. ऋतिकानं चमचा धरला आणि त्याच्याच तोंडात कोंबला.

भाईदास चावायचा थांबला.

"अक्का, यात मीठ नाही."

"नहीच शे. पथ्य शे तिले. मांगे दवाखानामा नेलं ना, ती डॉक्टरनीनी बंद करं. तवपाईन मी येगळी शिजाडस. कोठे सांगत बसू, सून म्हनी मालेच काही समजत नही."

तेव्हापासून म्हातारी पोरीचं वेगळं, अळणी शिजवत होती, आणि सून नावं ठेवेल म्हणून बोलली नव्हती. आता लेकराच्या वाटीतलं चाखून उष्टं कोण करणार? म्हणून कुणाला पत्ता नव्हता.

"नेमकं काय म्हणाली डॉक्टरीण?"

ती डॉक्टरीण बऱ्हाणपूरकडची, हिंदी बोलणारी. भागाबाईनं आठवून जसंच्या तसं म्हणून दाखवलं, "अम्मा, बच्ची को मीठा बिलकुल बंद करो."

मीठा. म्हणजे गोड. म्हातारीनं मीठ बंद केलं, आणि उपाशी लेकराच्या पोटात काहीतरी जावं म्हणून गोड दुप्पट केलं.

हसू भाईदासच्या पोटातून निघालं ते गळ्यापर्यंत आलं. पन्नास वर्षांत असा किस्सा हाती लागला नव्हता. गरम पाण्याचा टँकर याच्यापुढे काहीच नाही. बाहेर अख्खी गल्ली बसलेली, आयती. हा किस्सा पार सुरतेपर्यंत गेला असता.

भागाबाई झबल्याची घडी करत होती.

तो उंबऱ्यापर्यंत गेला. कुंदाबाईनं मान वर केली. "काय भाईदास, तोंडात काय धरलंय?"

"काही नाही," भाईदास म्हणाला. "घाटा." आणि गिळला.

परत आत येऊन तो म्हणाला, "अक्का, सांगायचंच राहिलं. ती डॉक्टरीण काल माझ्या रिक्षात बसली होती. म्हणाली, म्हातारीला सांग, पथ्य संपलं. आता बेतानं मीठ घाला, आणि गोड बंद करा."

भागाबाईचे हात थांबले. तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग उठून मिठाची बरणी काढली.

संध्याकाळी दिपमाला ऑफिसातून आली तेव्हा ऋतिका आजीच्या मांडीवर होती आणि आजी मऊ खिचडी भरवत होती. तूप, हिंग, मीठ. पहिला घास पोरीनं जिभेवर घोळवला. भाईदास दारात वाटी घेऊन उभा होता. मग घास आत गेला आणि तोंड उघडलं. दिपमाला खांद्याची पर्स न काढता तिथेच खाली बसली. वाटी रिकामी झाली.

"काय केलं, आई?"

भागाबाईनं पदरानं पोरीचं तोंड पुसलं.

"काय करणार," भाईदास दारातून म्हणाला, "मी आठवडाभर ठेचा खाऊन मेलो, आणि कार्टी जेवली शेवटी आजीच्याच हातून. पैज घालवली माझी."

दिपमालानं पिशवीतली झबली काढली. चार ठेवली, बाकीची पुन्हा कपाटात गेली. "आखाजीचे चार दिवस जाऊन येतो आम्ही दोघी," ती म्हणाली.

निघायच्या सकाळी भाईदासनं इंजिन बंद रिक्षा गल्लीच्या तोंडाशी आणली. मागे भागाबाई, नवं पातळ नेसून, मांडीवर ऋतिका. दिपमाला मोबाइलवर शूटिंग करत पुढे चालत होती. पोरांनी थाळ्या बडवल्या. कुंदाबाई मोठ्यानं म्हणाली, "जोर लावा, पेट्रोल भरलं नाही का सकाळी?" पानटपरीवाला म्हणाला, "भाईदासभाऊ, टँकर आला का गरम पाण्याचा?" चौकापर्यंत चढ आहे, हे पैज लावताना भाईदासच्या लक्षात आलं नव्हतं. शर्ट पाठीला चिकटला.

मागच्या फटीतून भागाबाईचा आवाज आला, हळू, त्याच्यापुरता.

"भाईदास, ती डॉक्टरनीले त मराठी येस नही. तुनासंगे कशी बोलनी?"

भाईदासनं दोन पावलं ढकललं. "रिक्षामा समदा मराठी बोलतस, अक्का."

मग फटीतून हात बाहेर आला. हातात वाळलेल्या बिबड्याचा तुकडा होता. भाईदासचे दोन्ही हात रिक्षाला होते, म्हणून त्यानं तोंडच पुढे केलं.

"मीठ बरोबर शे का रे?"

"बरोबर शे," भाईदास म्हणाला, आणि चढाला खांदा लावला.