हाओ काकूंचा अंगठा

चिऊयुनला हवं काय होतं, तर एक अंगठा. बस्स. हाओ काकूंनी लाल शाईत अंगठा बुडवायचा आणि एका कागदावर टेकवायचा, की आम्ही माफ केलं. तिच्या भावाचा, तिएशानचा जीव तेवढ्यावर अडकला होता. म्हणजे बघा, खालच्या कोर्टानं त्याला मृत्युदंड दिलेला, अपील पडून होतं, आणि वकील म्हणाला की मेलेल्याच्या आईनं माफ केलं तर शिक्षा लांबणीवर टाकतात. मग माणूस तुरुंगात राहतो, पण राहतो.

आणि मेलेला कोण, तर काकूंचा एकुलता एक जुनपेंग. दोघं एकाच वीटभट्टीवरचे, रोज एकाच ट्रकवर चढणारे. एका लग्नात प्याले, शब्दाला शब्द वाढला, आणि तिएशाननं शेजारच्या कलिंगडाच्या गाडीवरची सुरी उचलली. झालं. नंतर पोलीस येईपर्यंत तो तिथंच रस्त्यावर फतकल मारून बसला होता, जुनपेंगचं डोकं मांडीवर घेऊन. पण बातम्यांत ते आलंच नाही. बातम्यांत आला 'कलिंगडवाला राक्षस', आणि फोटो कुठला, तर ओळखपत्रावरचा, ज्यात कुणीही खुनीच दिसतं. खाली लोकांनी लिहिलं, गोळी घाला. चिऊयुन कुठल्या तोंडानं बोलणार? आधी अशी बातमी लागली की भांडी घासता घासता तीही हेच म्हणायची.

तर ती काकूंच्या दारात गेली. पहिल्यांदा गुडघे टेकले, काकूंनी दार लावून घेतलं. पुन्हा गेली, तर अंगावर कुत्रं सोडलं. मग तिनं दार सोडलं आणि सरळ काकूंच्या शेतात शिरून मका खुडायला लागली. बोलायची नाही, मागायची नाही, नुसतं काम. थंडीत कोळसा आत आणून ठेवला, भुईमुगाच्या शेंगा फोडल्या. गावातल्या बायका म्हणायच्या, भाऊ मारतो आणि बहीण सून होऊन राबते, छान आहे. एक दिवस काकूंनी पेजेचा वाडगा तिच्यापुढे आदळला. "खा. इथं चक्कर येऊन पडलीस तर तेही माझ्याच डोक्यावर."

मग चिंगमिंग जवळ आला, थडगी झाडायचा सण. काकू म्हणाल्या, त्या दिवशी माझ्याबरोबर चल, जुनपेंगपुढे उभी राहा आणि तूच माग त्याच्याकडे. मग बघू. अहो, 'मग बघू' म्हणाल्या! चिऊयुन घरी पोचेपर्यंत रडत होती.

आता इथं गप्प बसायचं की नाही? पण आपल्या लोकांची खोड माहितीये ना. नळाला पाणी नाही, गाजवा. रस्ता होत नाही, गाजवा. गाजलं की वरून साहेब येतो, एरवी कोण विचारतंय. मामा म्हणाला, "अगं, म्हातारी ऐनवेळी फिरली तर काय करशील? दोन्हीकडून धर." मामानंच एका परदेशी वाहिनीच्या बाईचा नंबर मिळवला. बाई चांगली होती हो. झकास चिनी बोलायची, चिऊयुनबरोबर रडलीसुद्धा. चिऊयुन तिच्याशी दुपारभर बोलली, आणि त्यात जुनपेंगबद्दल कितीतरी बोलली. तो शीळ कशी घालायचा, दाढ दुखली तेव्हा आईला पाठीवर घेऊन कसा दवाखान्यात गेला, सगळं.

चिंगमिंगला सकाळी ती थडग्यापुढं जाळायच्या कागदी नोटा आणि फळं घेऊन पोचली, तर काकू उंबऱ्यावर बसलेल्या. हातात फोन. पुतण्यानं त्या परदेशी वाहिनीची चित्रफीत लावून दिली होती. त्यात तिएशान होता, नवीन वर्षाला बापाला मोमो भरवणारा, हसरा. तुरुंगाची राखाडी भिंत होती. हक्कांबद्दल बोलणारे एक चष्मेवाले होते. आणि जुनपेंग? 'भांडणात एकाचा मृत्यू झाला.' एवढंच.

काकू ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"इथल्यांनी तुझ्या भावाला राक्षस केलं," त्या म्हणाल्या. "तिथल्यांनी बिचारा केला. दोन्हीकडं नाव त्याचंच. माझ्या पोराचं कुणी नावसुद्धा घेतलं नाही."

"मी घेतलं होतं नाव, काकू. सगळं सांगितलं होतं. त्यांनी कापलं."

"हक्क हक्क म्हणतायत सगळे. मला कळत नाही त्यातलं. पण पोरी, माझ्या पोरालाही जगायचं होतं, हे तरी कुणी म्हणायचं होतं."

चिऊयुननं खूप विनवलं, पुन्हा गुडघे टेकले, कपाळ फरशीवर आपटलं. काकूंनी तिला हाताला धरून उठवलं, कपाळाची धूळ पुसली, आणि एकट्याच झाडू घेऊन थडग्याकडं गेल्या. चिऊयुन मागं निघाली, तर मान न वळवता म्हणाल्या, नको येऊस.

तेवढ्यात इथल्या लोकांनीही ती चित्रफीत शोधून काढली. परदेश्यांपुढं पदर पसरणारी बाई म्हणून तिला शिव्या घातल्या, आणि परदेशी बाईनं लिहिलं की तुझ्या धैर्याला जगभरातून सलाम येतायत. अपील फेटाळलं. बीजिंगच्या वरच्या कोर्टानंही शिक्षा कायम केली.

शेवटची भेट सकाळी होती. काचेपलीकडं तिएशान, हातापायांत बेड्या, डोकं भादरलेलं, लहानपणी उवा झाल्यावर दिसायचा तसा. बापू जेवतात का, विचारलं. तिनं हो म्हटलं.

"काकू?" त्यानं विचारलं.

चिऊयुननं रात्रभर ठरवलं होतं की खरं सांगायचं, की माझ्यामुळं गेलं, मला गप्प बसता आलं नाही. तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं. "दिला. अंगठा दिला त्यांनी."

दिला असता तर तो आज इथं बसला नसता. त्याला कळत नव्हतं असं थोडंच आहे. त्यानं मान खाली घातली. पहारेकऱ्यानं घड्याळाकडं बघितलं.

"पुसट नाही ना उमटला?" तिएशान म्हणाला. "कामानं त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्यायत."

"नाही," ती म्हणाली. "लालभडक उमटलाय."

"बरं झालं, ताई," तो म्हणाला, आणि पहारेकऱ्यानं खांद्याला हात लावायच्या आधीच उठून उभा राहिला.