खिडकीजवळची फुली

रंगराव दारापासून खडूने फुल्या मारत निघाले, तेव्हाच नीळकंठच्या लक्षात आलं की ही मोजणी नको त्या खुर्चीवर जाऊन संपणार.

जानेफळच्या वाचनालयात खुर्च्यांची एकच रांग होती, दारापासून खिडकीपर्यंत. टाळेबंदीनंतर वाचनालयं उघडायची परवानगी आली होती. अट अशी, की एक खुर्ची सोडून बसायचं. रंगराव अध्यक्ष, त्यामुळे सुरक्षितता त्यांच्याकडे. आदल्या दिवशी त्यांनी शेतातला फवारणीचा पंप आणून सगळी कपाटं निर्जंतुक केली होती. पंप कपाशीचा होता आणि धुवायचा राहिला होता. कपाटांमधली कसर पहिल्यांदाच समूळ नष्ट झाली, आणि वाचनालयातल्या एकाही कादंबरीला आता बोंडअळीचं भय उरलं नाही.

"एक फुली, एक मोकळी," म्हणत रंगराव खिडकीपाशी पोचले. शेवटची खुर्ची मोकळी निघाली.

ती भगवंतराव गुरुजींची. टाळेबंदीआधी गुरुजी रोज कुलूप उघडायच्या आधीच पायरीवर येऊन बसायचे, आणि मग ते आणि ग्रंथपाल नीळकंठ दुपारपर्यंत पंख्यावरून भांडायचे. नीळकंठला पंखा चालू हवा असे, गुरुजींना बंद. श्रावणात गुरुजींना ताप आला. गाडीने बुलढाण्याला नेलं. तिथून नुसती बातमी आली. घरच्यांनासुद्धा तोंड पाहू दिलं नाही. आता आवराआवरीच्या दिवसांतही पंखा बंद असे. भांडायला कोणी उरलं नाही म्हणून नीळकंठने गुरुजींची बाजू घेतली होती.

त्याला एवढंच हवं होतं की त्या खुर्चीत इतक्यात कोणी बसू नये. पण हे अध्यक्षांना सांगायचं कसं? दुःखाला ठराव लागतो, ठरावाला सभा लागते, आणि सभेला बंदी होती.

रात्रभर विचार करून त्याने सकाळी बायकोच्या शिलाई मशीनचं स्टूल उचललं.

"ते कुठी नेऊन राह्यले?" शैलजाने विचारलं.

"वाचनालयात. शासनाले लागते."

"शासनाले माह्या मशीनचं स्टूल लागते?"

"हाव," म्हणून तो निघाला.

खडूच्या फुल्या पुसून स्टूल दाराशी, रांगेच्या सुरुवातीला ठेवलं. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला पिवळा रंग घेऊन रंगराव आले. स्टूल काल होतं का, हे त्यांना आठवेना. पण अध्यक्षाने असं कबूल करायचं नसतं. बूड टेकलं की फुली दिसत नाही, म्हणून त्यांनी खुर्च्यांच्या पाठींवर फुल्या काढायचं ठरवलं. स्टुलाला पाठ नव्हती, तेव्हा त्याच्या बसायच्या जागेवरच काढली. एक फुली, एक मोकळी करत ते खिडकीपाशी आले आणि गुरुजींच्या खुर्चीच्या पाठीवर त्यांनी स्वतःच्या हाताने घसघशीत फुली ओढली. नीळकंठने सुटकेचा श्वास मास्कमध्येच सोडला.

रंगराव उद्घाटनाचा हार आणायला गेले, आणि दारात सुभद्राबाई उभ्या राहिल्या. गुरुजींची बायको. इतक्या वर्षांत त्या वाचनालयात कधी आल्या नव्हत्या. गुरुजींकडे राहिलेलं पुस्तक त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून आणलं होतं. परत आलेली पुस्तकं आधी गच्चीवर उन्हात ठेवायची होती, पापडांसारखी. नीळकंठने पिशवी अलगद बाजूला ठेवली.

"त्यायची खुर्ची कोणती?"

त्याने दाखवली. त्या तिच्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"हिच्यावर फुली काऊन मारली?"

खरं कारण त्याच्या तोंडाशी आलं आणि तिथेच थांबलं. "नियम आहे, काकू. अंतर ठेवा लागते."

"मले दवाखान्याच्या फाटकातूनच वापस पाठवलं होतं, भाऊ," त्या म्हणाल्या. "आणखी किती अंतर ठेवू?"

नीळकंठने फडक्याने खुर्ची पुसली.

"रंग ओला आहे, काकू."

"असू दे."

त्या बसल्या, चांगल्या पाठ टेकून. पाय जमिनीला पुरत नव्हते. खिडकीतून समोर कचरूचं जिलेबीचं दुकान दिसत होतं, कढईसकट. गुरुजींना साखर होती.

"तरीच," त्या म्हणाल्या. पदर तोंडाला होता, त्यामुळे हसल्या की काय ते कळलं नाही. कढई रिकामी होईपर्यंत त्या तिकडेच पाहत होत्या. उठताना त्यांची नजर वर गेली.

"पंखा बंद ठेवता ते बरं करता. त्यायले सोसत नाही."

"हो," नीळकंठ म्हणाला.

त्या रस्त्याला लागल्या. जांभळ्या पातळावर, बरोबर पाठीच्या मधोमध, पिवळी फुली उमटली होती. नीळकंठला हाक मारता आली असती. तो दारातच उभा राहिला. मागचे लोक फुली पाहून आपोआप बाजूला सरत होते, ते पाहून समोरचेही, आणि भर बाजारातून सुभद्राबाईंना मोकळी वाट मिळत होती. समोरून हार घेऊन येणारे रंगराव त्यांच्यासाठी कडेला झाले, मग वळून पाहिलं, आणि त्या वळणाआड जाईपर्यंत हातातला हार तसाच धरून उभे राहिले.