सृष्टीच्या नावाची लाल पाटी

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात एक नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. यंत्रात कुणी कामाला उतरला की त्या यंत्राच्या बटणावर तो आपल्या नावाची लाल पाटी अडकवतो, आणि ज्यानं लावली त्यानंच ती काढायची. मग साहेब येवो की साहेबाचा साहेब, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. उगाच नाही, आत माणूस असतो. तिथं कामाला असलेल्या सावळीरामनं उभ्या नोकरीत दुसऱ्याच्या पाटीला बोट लावलं नव्हतं. हे तो नव्या पोरांना इतक्यांदा ऐकवायचा की पोरं त्याला मागून पाटीवाले काका म्हणायची. घरी मिक्सर बिघडला तरी प्लगला चिठ्ठी लावल्याशिवाय हा बाबा स्क्रू काढत नसे.

त्याची मुलगी सृष्टी यंदा बारावी झाली. डॉक्टरकीच्या परीक्षेत मार्क बरे पडले, पण सरकारी कॉलेजला पुरतील एवढे नाही. तिनं घरात शांतपणे सांगून टाकलं की मी एक वर्ष थांबणार, आणि त्या वर्षाचं काय करायचं ते माझं मी ठरवणार. आषाढी पौर्णिमेपर्यंत कुणी विचारू नका, त्या दिवशी मीच सांगते. सावळीराम बरं म्हणाला. बरं म्हणायला काय जातं!

पण कॉलनी गप्प बसते होय? विहारात वंदना आटोपली की सल्ले सुरू. कुणी म्हणे पोरीला लातूरच्या क्लासला टाका, कुणी म्हणे नर्सिंग काय वाईट आहे. येवल्याहून सावळीरामची थोरली बहीण आक्काबाई आली, तिनं तर चपला काढता काढताच विचारलं की पोरगी वर्षभर घरी बसवून लोणचं घालणार का. आणि पोरगी काय करत होती? रोज सकाळी सायकल काढून नदीच्या बंधाऱ्यावर जायची आणि जुन्या दुर्बिणीतून पक्षी बघत बसायची. सावळीरामचा जीव टांगणीला लागला. घराण्यातली पहिली डॉक्टर म्हणून त्यानं तिला मनातल्या मनात कधीच पांढरा कोट घालून ठेवला होता. शेवटी एका दुपारी ड्युटी संपवून तो नाशिकरोडला एका क्लासात शिरला आणि तिचं नाव घालूनच बाहेर पडला. वर पेढेही घेतले. गडी भलताच खूश!

सृष्टीनं पेढा हातात घेतला, पण तोंडात घातला नाही. रडली नाही की आदळआपट केली नाही.

"पप्पा," ती म्हणाली, "पाटी माझी होती ना?"

सावळीरामनं पेढ्यांचा पुडा बंद केला. आक्काबाई विचारत राहिली, कसली पाटी, काय पाटी, पण तिला कोण सांगणार? त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. ज्या चुकीसाठी त्यानं पोरांना फैलावर घेतलं असतं, तीच त्यानं स्वतःच्या लेकीच्या बाबतीत केली होती. लाज वाटली त्याला, चांगलीच लाज वाटली.

सकाळी त्यानं क्लासच्या सरांना फोन केला. सर समजावू लागले तेव्हा म्हणाला, चूक माझी आहे, जागा दुसऱ्या कुणाला द्या. मग स्टोअरमधून बाद झालेली एक लाल पाटी मागून आणली, वरचं जुनं नाव घासून काढलं, सृष्टीचं नाव लिहिलं आणि तिच्या हातात दिली. तिनं ती आपल्या टेबलाच्या वर, भिंतीतल्या खिळ्याला अडकवली. त्यानंतर आक्काबाईनं तोंड उघडलं की सावळीराम नुसतं पाटीकडे बोट दाखवायचा. "लय शहाणा झालास," ती करवादायची आणि पुन्हा पान लावायला बसायची. खरी पंचाईत त्याची स्वतःची होती. जेवताना प्रश्न ओठावर यायचा आणि तो घटाघटा पाणी प्यायचा.

पौर्णिमेला विहारातून खीर घेऊन सगळे घरी आले. सृष्टीनं आपल्या हातानं पाटी काढून टेबलावर ठेवली आणि सांगू लागली. हिवाळाभर ती नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जाणार होती. तिथं येणाऱ्या लोकांना पक्षी दाखवणारे झिपरूदादा तिला हाताखाली घ्यायला तयार होते. पाहुणे पक्षी यायला अवकाश होता, तोवर ती नावं, आवाज, सवयी शिकणार होती. परीक्षा पुन्हा द्यायची की नाही, ते मात्र तिला अजून कळलं नव्हतं. ते उन्हाळ्यात सांगेन म्हणाली.

सावळीरामला वाईट वाटलं. खोटं कशाला बोला, वाटलंच. तो पांढरा कोट डोळ्यांपुढून हलेना. पण निकाल लागल्यापासून पोरगी एका दमात इतकं पहिल्यांदाच बोलत होती, हातवारे करत, बदक पाण्यात बुडी कशी मारतं ते मान खाली घालून दाखवत. आक्काबाईसुद्धा पान विसरून ऐकत होती. सावळीरामला एकदम हलकं वाटलं. पोरगी खुशीत आहे, आणखी काय पाहिजे, असं त्याला मनापासून वाटलं.

त्यानं टेबलावरची पाटी उचलली, सदऱ्याला पुसली आणि तिच्यापुढे धरली.

"मग ही परत लाव," तो म्हणाला. "उन्हाळ्यापर्यंत."

सृष्टीनं पाटी खिळ्याला अडकवली आणि खिरीची दुसरी वाटी घेतली.