सदतीस किलो गूळ

"हलू नका वैनी, दांडी अजून डुलतीया," गिरणीवाला नथू म्हणाला.

सुलक्षणा श्वास रोखून उभी राहिली. भाताच्या गिरणीतला हा पोती जोखायचा काटा. घरचा काटा एकशेवीसच्या पुढं जातच नसे, म्हणून ऑपरेशनच्या आधीपासून ती इथंच यायची, ती सवय अजून मोडली नव्हती. दर सोमवारी, गिऱ्हाईक नाही अशी वेळ साधून. दांडी थांबली. एकशे एक. गेले नऊ सोमवार एकशे एकच.

नथू मान वळवून पोती रचायला लागला, भला माणूस. गावाचं तसं नव्हतं. पोटाचं ऑपरेशन करून बारीक होणारी बाई गावाला नवीनच होती, त्यामुळं जो भेटेल तो आकडा विचारी. पहिल्या सहा महिन्यांत सदतीस किलो झरझर उतरले तेव्हा सांगायलाही मजा यायची. आता ती माणसं टाळून मागच्या पाणंदीनं घरी जाई.

हॉस्पिटलातल्या आहाराच्या अपूर्वा मॅडम फोनवर समजावत, की शरीर असं मधेच बसकण मारतंच. घाबरू नका, डाळ-अंडं मात्र सोडू नका. पण सुलक्षणाला धीर नव्हता, कारण मधे नवस होता. तिला ऑपरेशनला आत नेलं तेव्हा सासूबाई सगुणाबाई भैरवनाथाला बोलून बसल्या होत्या, की सून नव्वदच्या आत आली की चैत्रातल्या उत्सवात तिला तराजूत बसवून गुळानं तुला करीन. उत्सव तीन आठवड्यांवर आला होता. सगुणाबाईंची ऐंशी उलटलेली. "फुडला चैत कुणी बघितलाय," असं त्या सहज म्हणत आणि सुलक्षणा दिवस मोजत बसे. तिची आई लहानपणीच गेलेली. डोक्याला तेल लावून देणारं, जेवलीस का विचारणारं जगात हे एकच माणूस. त्या सासूचा नवस आपल्या पायी अडून राहावा, हे तिला सोसवेना.

मग तिनं नको तो शहाणपणा केला. मागच्या चाळीत हिंजवडीच्या कंपन्यांत जाणारी सोळा पोरं भाड्यानं राहायची, त्यांचे डबे तीच करायची. सोळा जणांचं रांधून स्वतःची वाटीभर डाळ मात्र तिनं गुपचूप बंद केली. नुसत्या कोऱ्या चहावर राहिली. चौथ्या दिवशी भाकरी थापता थापता डोळ्यांपुढं अंधारी आली. शुद्धीवर आली तेव्हा डोकं सासूच्या मांडीवर होतं आणि तव्यावरची भाकरी करपून गेली होती.

काय खाल्लं होतंस, असं सगुणाबाईंनी विचारलं. सुलक्षणानं खरं ते सांगितलं. म्हातारीनं तिला उठवून भिंतीशी टेकवून बसवलं. मग डाळीचं पाणी चमच्याचमच्यानं भरवत म्हणाली, "नवस म्या बोलले, तू न्हाई. द्येवाचं आन माझं मी बघती. तू जेव."

उत्सवाच्या दिवशी देवळापुढं तराजू बघायला गाव जमलं. तराजू नव्हताच. सगुणाबाईंचा लेक, सुलक्षणाचा नवरा विश्राम यानं गुळाचं एक पोतं पायरीशी आणून ठेवलं आणि तो गाडी लावायला गेला. पुजाऱ्यानं विचारलं, तराजू कुठाय?

"सून जोखायची न्हाई," सगुणाबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "तिच्या अंगावरलं जेवढं उतारलं तेवढा गूळ हाय ह्यो. सदतीस किलू. द्येवानं जेवढं न्येलं, तेवढं त्येला देतीया."

असा नवस कुणी फेडल्याचं पुजाऱ्याच्या ऐकिवात नव्हतं. पण सगुणाबाईंशी वाद घालायची त्याची छाती नव्हती. तो म्हणाला, आणा आत.

सुलक्षणानं पदर खोचला, वाकली, पोत्याचे दोन कान धरले. पोतं हललं नाही. पुन्हा जोर लावला, तेव्हा गुडघ्यापर्यंत आलं आणि तिथंच हात सुटले. तिला धाप लागली. बायका बघत होत्या, पण तिचं तिकडं लक्ष नव्हतं. ती पोत्याकडं बघत होती. एवढं ओझं घेऊन तिनं बारा वर्षं डबे केले होते, जिने चढले होते, पाणी भरलं होतं. आणि त्याच अंगाला आरशापुढं रोज शिव्या घातल्या होत्या.

"आत्याबाई, येवढं घिऊन मी हिंडत व्हते?"

"व्हय," सगुणाबाई म्हणाल्या. "आन कदी हूं न्हाई क्येलंस."

विश्राम आणखी एकाला घेऊन आला. दोघांनी पोतं उचलून गाभाऱ्याकडं नेलं. सुलक्षणा त्यांच्यामागं गेली नाही. ती पायरीवर बसली आणि पदराआडून आपल्या दोन्ही गुडघ्यांवरून सावकाश हात फिरवू लागली.