मांगुराच्या कल्ल्यातला किडा

आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी एक दिवस रजा काढून आग्या प्रयोगशाळेत परतली आणि पहिल्या दहा मिनिटांतच तिचं टाळकं फिरलं. आग्या हे काही तिचं खरं नाव नव्हे. बावीस वर्षं माशांचे रोग तपासता तपासता तिने ज्यांना ज्यांना फैलावर घेतलं, त्यांनी ते पाठीमागे ठेवलेलं. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

टेबलावर अहवालाची प्रत पडली होती. तिच्या थोरल्या बहिणीच्या तळ्यातल्या मांगूर माशांच्या कल्ल्यांवर जो चपटा किडा सापडला, तो बाहेरच्या देशातला आहे; तळ्यात ब्लीचिंग पावडर टाका, एकही मासा जिवंत ठेवू नका. खाली प्रयोगशाळेच्या डॉक्टरांची सही, कालच्या तारखेची.

"डॉक्टर! हे काय लिहिलंय तुम्ही?"

डॉक्टर वयाने तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आणि स्वभावाने अगदीच गरीब. "बाई, पट्टी सरळ आहे. तुम्हीच बघा."

या किड्याच्या शेपटाशी एक चकती असते. तिच्यात गळासारखे मोठे आकडे आणि आकड्यांना जोडणारी बारीक पट्टी. इथल्या किड्याची पट्टी मधोमध वाकलेली, बाहेरच्याची सरळ. बाकी सगळं सारखं. तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पट्टी सरळ होती खरी, पण आकडे दोन्ही बाजूंना फाकले होते आणि चकतीची कड फाटली होती.

"अहो, चिरडलाय हा! कव्हरस्लिपची काच अलगद ठेवायची असते, दाबायची नसते. दाबली तर वाकडी पट्टी सरळ होणार नाही तर काय होणार? कुठल्या गाढवाने केली ही स्लाइड? पहिल्या दिवशी आलेला विद्यार्थीसुद्धा असा हात चालवत नाही!"

तिने तरातरा जाऊन त्याच माशांच्या कल्ल्यांची बाटली काढली, सुईने एक किडा सोडवला, ग्लिसरिनच्या थेंबात ठेवला आणि कव्हरस्लिप आपल्या वजनाने बसू दिली. पट्टी वाकलेली. दुसरा किडा, वाकलेली. तिसरा, तेच. इथलाच साधा किडा. मिठाच्या पाण्यात मासे बुडवून काढले की भागलं असतं.

"किती किडे तपासलेत तुम्ही?"

"एकच," डॉक्टर खालमानेने म्हणाले. "तुमची स्लाइड होती, बाई. तुमच्या कामावर मी कशाला शंका घेऊ?"

तिने स्लाइड काढून लेबल बघितलं. अक्षर तिचंच होतं. परवा ताई मासे घेऊन आली होती आणि समोरच्या स्टुलावर बसून राहिली होती. आईला कुणी सांभाळायचं यावरून दोघींची जुंपली होती. "तुला काय, नोकरीचं निमित्त आहे," असं ताई म्हणाली तेव्हा हिच्या अंगठ्याखाली काच होती.

"माझी असली म्हणून काय झालं? चार किडे बघायला हात मोडले होते का?" ती डॉक्टरांवर खेकसली. मग तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून आणखीच संताप आला.

मत्स्यखात्याची माणसं पावडर टाकायला सकाळीच तळ्यावर गेली होती. डॉक्टरांनी त्यांच्या साहेबाला फोन लावला, कोणी उचलेना. तिने ताईला लावला.

"ताई, थांबव त्यांना! आपलाच किडा आहे, चूक झालीय!"

"आता काय थांबवू?" ताईचा आवाज घोगरा झाला होता. "पावडर पडून तास झाला. सगळे वर आलेत, तोंडं उघडून. कुणी लिहिला तो कागद? सांग मला. येऊन त्याचं नरडंच धरते."

डॉक्टर समोर उभे होते. सही त्यांची होती. तिने "डॉक्टरांनी" म्हटलं असतं तर ते खोटंही ठरलं नसतं.

"स्लाइड मी केली होती," ती म्हणाली. "परवा, तू बसली होतीस तेव्हा. जास्त दाबली गेली."



"मी बघत होते गं," ताई म्हणाली. "माझ्यावरचा राग तू त्या काचेवर काढत होतीस. ओठांवर आलं होतं, सावकाश कर म्हणून. पण म्हटलं, बोललं की अंगावर येशील."