पंधरा दिवसांचा तंबू

त्या रविवारी जेवणं आटोपल्यावर आईनं बैठकीच्या खोलीत तंबू उभारला. तो वाचनालयाचा होता. आमच्या वाचनालयात पुस्तकांच्या जोडीला शिडी, शिलाई मशीन, वजनकाटा असल्या वस्तूही पंधरा दिवसांसाठी मिळतात. लोक शिडी नेतात, भिंत रंगवतात, परत करतात. आई दर महिन्याला तंबू आणायची आणि कुठेही जायची नाही.

"मी गावाला चाललेय," ती म्हणाली. "दोन तास. कुणी विचारलं तर सांग, पत्ता ठेवून गेली नाही."

"तिथे चहा मिळतो का?"

"न्यावा लागतो." थर्मास घेऊन ती आत शिरली आणि चेन ओढून घेतली.

आतल्या खोलीत बाबा. अर्धांगवायूनं सहा वर्षं अंथरुणाला खिळलेले, आवाज मात्र खणखणीत. दर दहा मिनिटांनी हाक. उशी वर. उशी खाली. खिडकी लाव. खिडकी उघड.

"ती कुठाय?"

"गावाला गेलीय, बाबा."

"पुन्हा? हिचा पाय म्हणून घरात ठरत नाही!"

तंबूत खुदखुद ऐकू आली. मला हसू आलं नाही. दुसऱ्या शहरातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायची नोकरी मला मिळाली होती. पुढच्या महिनाअखेर रुजू व्हायचं होतं, आणि पत्र आल्याचं मी घरात बोललेच नव्हते. मी गेले, तर हिच्या गावाला जाण्याचं काय? पाचव्या हाकेनंतर मी तंबूपाशी जाऊन म्हणाले, "झाले की दोन तास."

झाले नव्हते. आईनं घड्याळ पाहिलं नाही. मुकाट्यानं बाहेर आली आणि बाबांची उशी सारखी करायला गेली.

सोमवारी सकाळी ओट्यापाशी उभी असतानाच ती कोसळली. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

महिन्याभरानं वाचनालयातून फोन आला. शेजारच्या मावशींना बाबांजवळ बसवून मी तंबू घेऊन गेले. वस्तूंच्या खिडकीवरच्या बाई आईला ओळखत होत्या. आई गेल्याचं ऐकून त्यांनी तंबूची पिशवी जवळ ओढली. मग म्हणाल्या, "परत घेताना उभारून बघावा लागतो. फाटलाबिटलाय का ते. तुमच्या आई चार मिनिटांत उभारायच्या."

मला वीस लागली. दांडे एकीकडे बसवले की दुसरीकडून निसटत. वर्तमानपत्र वाचणाऱ्या एका आजोबांनी चष्म्यावरून पाहिलं. "मुक्काम किती दिवसांचा?"

शिवणी पाहायला मी आत शिरले आणि खाली बसले. माणूस जेमतेम मावेल एवढी जागा. पाय लांब करता येत नव्हते. आई माझ्याहून उंच होती.

"आईंचं कार्ड बंद करावं लागेल," बाहेरून बाई म्हणाल्या. "नाहीतर तुमच्या नावावर करून देते. मग तंबू आजच परत नेता येईल. आईंचा नेम मोडू नका."

त्या मायेनंच बोलत होत्या. मला पुढचा रविवार दिसला. त्याच्या पुढचाही. रुजू व्हायला सहा दिवस उरले होते.

तेवढ्यात दादाचा फोन आला. तो परगावी असतो.

"काय गं, कशी आहेस? बाबा बरे?"

"बरे आहेत."

"तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे बघ. आईनंतर तूच. तुझ्या वहिनीलाही मी तेच म्हणत होतो, आपल्याकडे बाबांना करमायचं नाही. ऐकतेयस ना?"

"हो."

"मग बोलत का नाहीस?"

बाहेर पानं उलटल्याचे आवाज थांबले होते. कापडाला भिंतीचा गुण नसतो. मी जे बोलेन ते सगळ्यांना ऐकू जाणार होतं.

"दादा, मला बाबांजवळ राहायचं नाही," मी म्हणाले.

"हळू बोल. कुठे आहेस तू?"

मी आवाज खाली आणला नाही.

"मला राहायचं नाही. आणि आईलाही राहायचं नव्हतं."